पळपुट्या नदीचे डॉक्टर

मोहरीरकाकांकडे चहा मिळण्याआधी मक्याच्या शेतात उभं राहावं लागतं. पार्सिपनी शहरातून आलेल्या माझ्या मेहुण्यालाही त्यांनी पांढऱ्या बुटांसकट ढेकळांत उभं केलं आणि विचारलं, "पायाखाली काय आहे?"

"माती?"

"आगबोट! अख्खी आगबोट. इथे बुडाली, मग नदी बाजूला सरकली आणि वर मका आला. चल, आता चहा घेऊ."

मिझुरी नदीकाठच्या आमच्या काउंटीत मराठी घरं दोनच. एक माझं, पंपांच्या कारखान्यातल्या इंजिनिअरचं; दुसरं काकांचं. काका मूळचे नागपूरचे, चाळीस वर्षं इथले डॉक्टर. रिटायर झाल्यावर पेशंट उरले नाहीत म्हणून त्यांनी नदीच तपासायला घेतली, असा माझा समज होता. नदीने जुनी कचेरी कधी गिळली, काउंटीचा एक तुकडा पलीकडच्या काठावर कसा राहून गेला, सगळं तोंडपाठ. घरात देव एका कोनाड्यात आणि नकाशे चारही भिंतींवर.

"उगम कोणीही सांगेल, वळणं सांग," हे त्यांचं पालुपद. माणसांनाही तोच नियम. माझी बायको पहिल्या भेटीत "मी साताऱ्याची" म्हणाली, तर काका म्हणाले, "हा उगम झाला. वळणं?" ती बिचारी सांगत सुटली. तिसऱ्या वळणावर माझ्याआधी पाहिलेलं एक स्थळ निघालं, ते मला तिथे कळलं.

दर रविवारी फ्रीमाँटहून त्यांच्या मुलाचा, समीरचा फोन येई. "बाबा, इकडे मूव्ह व्हा ना यार. एकटे काय करता तिथे?"

"एकदा पाणी चढू दे, मग बघू."

पूर यावा असं वाटणारा काउंटीतला हा एकच माणूस. वाळूच्या पिशव्या भरायला काका सगळ्यांच्या पुढे, पण चेहरा लग्नघरातला. मला त्याचा राग यायचा.

गेल्या एप्रिलमध्ये नदी फुगली. काकांचा फोन आला, "गाडी काढ. माझ्या गुडघ्याला ब्रेक दाबवत नाही."

शेतांमागच्या एका लांबट तळ्याशी, उंच बांधावर त्यांनी गाडी थांबवायला लावली. त्यांनी काच खाली केली.

"सुनंदाच्या अस्थी इथे सोडल्या," ते म्हणाले. काकू सहा वर्षांपूर्वी गेल्या, हे मला ठाऊक होतं. "वाहत्या पाण्यात सोडा, एवढंच म्हणाली होती. त्या सकाळी धुकं होतं. रुंद पाणी दिसलं, मी म्हटलं हीच नदी. आठवड्याने एक मासेमारी करणारा म्हातारा म्हणाला, डॉक, नदी हे वळण सोडून कधीच गेली. हे साचलेलं पाणी आहे. अरे, चाळीस वर्षं राहून मला माहीत नव्हतं! दवाखाना ते घर, एवढाच माझा रस्ता. ती म्हणायची, चला फिरून येऊ. मी म्हणायचो, काय आहे इथे बघायला?"

ते नकाशे कशासाठी होते ते मला तेव्हा कळलं. नदी पुरेशी चढली, तर शेतातल्या एका जुन्या खोलगट वाटेने तळ्यात शिरते आणि खालच्या अंगाने परत बाहेर पडते, हे काकांनी त्यांतूनच शोधलं होतं. पाच वसंत पाणी थोडक्यात कमी पडलं होतं.

दुपारी गढूळ पाण्याची एक जीभ शेतरस्ता ओलांडून तळ्यात उतरली. थोड्या वेळाने तळ्यातल्या काटक्या हलल्या, गोल फिरल्या आणि रांगेने नदीकडे निघाल्या. काकांनी टोपी काढली.

"सावकाश जा गं," ते म्हणाले. अगदी एअरपोर्टवर सोडायला आल्यासारखे. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

गाडीत बसल्यावर मी विचारलं, "काका, आता फ्रीमाँट?"

"बघू." त्यांनी नाक पुसलं. "तुझी बायको कुठे आहे?"

"घरी."

"फोन कर तिला. म्हणावं, तयार राहा, फिरायला जायचंय. पुष्कळ आहे इथे बघायला."