टॅबच्या दृष्टीने गैरहजर

आमच्या पोतारमच्या सरकारी शाळेत हजेरीपट बंद होऊन चेहरा सुरू झाला, ही गोष्ट मी मुख्याध्यापक या नात्याने अभिमानाने नमूद करतो. मुलाने सकाळी टॅबसमोर उभं राहायचं. टॅबने ओळखलं की मूल हजर. हजर मुलाला दुपारी भातावर उकडलेलं अंडं आणि त्यानंतर हैदराबादहून येणारा ऑनलाइन धडा. अंड्यासाठी मुलं धडाही सोसायची.

सगळं सुरळीत चाललं असताना चौथीतली सहस्रा टायफॉइडमधून उठली आणि आजीने बोललेला नवस फेडायला तिरुपतीला केस देऊन आली. आमच्याकडे यात नवल काहीच नाही. नवल टॅबला वाटलं. त्या गुळगुळीत डोक्याकडे बराच वेळ पाहून त्याने जाहीर केलं, 'अनोळखी व्यक्ती.'

तिची आजी नरसव्वा आमच्याच शाळेत स्वयंपाक करते. दुपारी नात ताट घेऊन पुढे आली, तेव्हा मला आजीचा हात धरावा लागला.

"नरसव्वा, हिला अंडं देता येणार नाही. ही आज आलेली नाही."

"आलेली नाही? मग माझ्यापुढं उभं आहे ते काय भूत आहे?"

"टॅबच्या दृष्टीने ती गैरहजर आहे."

"आणि तुमची दृष्टी कुठं गेली, सार? हिला अक्षरं तुम्हीच गिरवायला लावलीत ना?"

मला वाईट वाटलं. पण अंडी टॅबच्या हिशेबाने येतात, आणि वाईट वाटण्यासाठी अ‍ॅपमध्ये जागा ठेवलेली नाही. मी मदत केंद्राला फोन लावला. तिथल्या बाई फार सौजन्याने बोलल्या.

"नवा फोटो भरा, सार. त्याआधी मुलीने जुना चेहरा दाखवायचा."

"तोच तर नाही!"

"मग केस वाढेपर्यंत आजारी दाखवा."

"अहो, ती बरी झाली म्हणून तर केस गेले!"

"असं कारण आमच्या यादीत नाही, सार."

धड्याच्या वेळी सहस्राला बाहेर चिंचेखाली बसवावं लागे. आत धडा बहुधा अडकलेला असे. पडद्यावर चक्र फिरे आणि मुलं त्याच्याकडे पाहत बसत. मला काम नसल्यामुळे मी चिंचेखाली जाऊन तिला भागाकार शिकवू लागलो. यात नियमभंग नव्हता, कारण अनोळखी व्यक्तीला काय शिकवू नये याचं परिपत्रक अजून निघालेलं नाही. तिला भागाकार यायला लागला आणि ही बातमी गावभर झाली.

मग गावाला भक्तीचा उमाळा आला. ज्याला त्याला आपल्या पोराचे राहिलेले नवस आठवू लागले. ज्यांना तिरुपती परवडेना, त्यांनी गावच्या न्हाव्याकडेच देवाला हाक मारली. बघता बघता सगळी शाळा चिंचेखाली आली, टॅबपुढे कुणी उरलं नाही, आणि बरेच दिवस न दिसलेली नावं अ‍ॅपने आपणहून पुसून टाकली. अंडी बंद झाली. रिकामं पातेलं घासताना नरसव्वा मला ऐकवी, "वाढा सार, आता भागाकारच वाढा पोरांना!"

शाळा बंद होणार म्हणून माझी झोप उडाली. मंडलाचे, म्हणजे आमच्याकडच्या तालुक्याचे, शिक्षणाधिकारी प्रभाकर राव आले, ते मात्र हार घेऊन.

"अभिनंदन! जिल्ह्यात पहिला नंबर. धडा अपुरा राहिलेली मुलं शून्य, नापास शून्य, अंड्यांचा खर्चही शून्य!"

"पण सार, नावावर एकही मूल नाही."

"म्हणूनच तर एकही मागे नाही!"

हार टॅबला घातला. फोटो म्हटल्यावर मुलं धावत आत आली. रावसारांनी त्यांना हाताने बाजूला सारलं. "बाहेरची मुलं मध्ये नकोत."

सहस्राने माझा सदरा ओढला. "सार, आता तरी अंडं मिळेल?"

तेवढ्यात 'हसा' अशी सूचना झाली. मी हसलो.

फोटो त्याच दिवशी सगळीकडे गेला. आदर्श डिजिटल शाळा: हार घातलेला टॅब, अधिकारी, मी आणि मागे रिकामी बाकं. तुमच्याही मोबाइलवर आला असेलच. खाली हजारो अंगठे उमटले आहेत. मी ते एकेक करून पाहिले. त्यात तुमचाही आहे. मुलं कुठं आहेत, असं मात्र कुणीच विचारलेलं नाही.