जिथे आहात तिथेच

"घरातल्या सगळ्यांना एकच नियम शिकवू नकोस गं. शोधायला कुणीतरी मोकळं ठेव," असं आत्यांनी, म्हणजे सासऱ्यांच्या बहिणीने, मला माझी लेक चिमी चालायला लागली तेव्हाच सांगितलं होतं. मी "बघू" म्हटलं होतं.

नियम असा: हरवलात की हलायचं नाही. जिथे आहात तिथेच उभं राहायचं. अनोळखी माणसाचं ऐकायचं नाही. त्याने परवलीचा शब्द सांगितला तरच. शब्द चिमीने निवडला, "जांभळा मोजा". तिच्या डोक्यात पक्कं बसावं म्हणून रोज जेवताना मी नवरा आणि बाबा, म्हणजे माझे सासरे, दोघांकडूनही ते म्हणवून घेत असे.

आज आत्या आमच्या स्थानकावर रेल्वेतून उतरून त्यांच्या गावची बस धरणार होत्या. आमचं स्थानक म्हणजे एका छपराखाली दोन संसार: एकीकडे रेल्वे, दुसरीकडे बस, मध्ये हॉल. स्वच्छतागृह दोघांत सामायिक, त्यालाही दोन दारं.

आत्या आणि बाबा दोन वर्षं बोलत नव्हते. बाबा त्यांच्या चहाला "गरम पाणी" म्हणाले होते, एवढंच. पण आज बाबांनी स्वतः चहा करून थर्मास भरला होता, आणि आरशासमोर "चुकलं माझं" म्हणून पाहिलं होतं. दोन गाड्यांमध्ये जेमतेम अर्धा तास. तेवढ्यात ते तोंडातून निघायला हवं होतं.

"मी बसमध्ये जागा धरतो. आत्याला खिडकी लागते," म्हणून नवरा गेला. त्याचा फोन चिमीकडे, गाणी ऐकायला. "मी जरा जाऊन येतो," म्हणून बाबा थर्माससकट स्वच्छतागृहात गेले. फोन ते बाळगतच नाहीत; वाजतो म्हणे.

बाबा परत आले नाहीत. म्हणजे हरवले. म्हणजे आम्हीही हरवलो. मी चिमीचा हात घट्ट धरून चौकशीच्या खिडकीपाशी उभी राहिले.

"बाई, जाऊन बघा की," खिडकीतला बाबू म्हणाला.

"हलायचं नाही, असा नियम आहे."

"कुणाचा?"

"माझा."

त्याने माझ्याकडे पाहिलं आणि निमूटपणे माइक ओढला. "चिमीच्या आजोबांनी चौकशी खिडकीपाशी यावे." तीनदा. बाबा आले नाहीत. त्याने नवऱ्यालाही पुकारलं. तोही नाही.

आली ती आत्यांची गाडी, तीही पंचवीस मिनिटं उशिरा. आत्या स्वतःची बॅग स्वतः ओढत हॉलमध्ये आल्या.

"इथे खांबासारखी काय उभी?"

"बाबा हरवलेत."

"आणि तू?"

"मीही."

"आणि ही पोर?"

"ती माझ्याबरोबर हरवलीय."

आत्यांनी डोळे मिटून एक श्वास घेतला, बॅग माझ्या हातात दिली आणि थेट स्वच्छतागृहाकडे निघाल्या. तिथल्या झाडूवाल्या मावशींशी दोन शब्द बोलल्या आणि वळून म्हणाल्या, "या दाराने आत गेला, त्या दाराने बाहेर पडला. चल."

बाबा बसच्या बाजूला, वजनाच्या यंत्राशेजारी, थर्मास छातीशी धरून ताठ उभे होते. त्यांच्या पाठीमागून एक बस धूर सोडत बाहेर पडत होती. त्यांनी वळूनसुद्धा पाहिलं नाही.

"बाबा, माइकवर पुकारलं की तुम्हाला!"

"आवाज अनोळखी होता," बाबा म्हणाले. मग बहिणीकडे पाहून घसा खाकरला. बाहेर आलं ते भलतंच. "आधी शब्द सांग."

"कसला शब्द?"

"दोन वर्षं तोंड दाखवलं नाहीस. ओळखीची कशी म्हणू?"

मी घाईघाईने आत्यांच्या कानात सांगितलं. आत्यांनी भावाकडे असं पाहिलं की वजनाच्या यंत्राचा काटाही हलला असता.

"जांभळा मोजा," त्या म्हणाल्या.

बाबा हलले. थर्मासच्या झाकणात चहा ओतला. आत्यांनी घोट घेतला. "गरम पाणी आहे."

"तुझ्यासारखाच केलाय."

आत्यांनी रिकामं झाकण पुन्हा पुढे केलं. "ओत." चुकलं वगैरे कुणी म्हटलं नाही. गेली ती बस आत्यांचीच, हे तेव्हा कळलं. "जाऊ दे. उद्या जाईन," आत्या म्हणाल्या, आणि आम्ही रिक्षा करून घरी आलो. भावंडं वाटभर भांडत होती. मला इतकं हायसं वाटलं की काही सुचेचना.

जेवायला ताटं मांडली, तेव्हा एक उरलं.

आत्यांच्या गावी जाणारी बस तुमच्या वाटेवर असेल, तर जरा आत डोकावून बघाल का? खिडकीची सीट रिकामी ठेवून शेजारी एक चष्मेवाला माणूस बसला असेल. उतर म्हटलं तर उतरणार नाही, बस शेवटच्या थांब्यावर पोचली तरी. त्याचा फोन इथे चिमीकडेच आहे. शब्द तुम्हाला आता माहीतच आहे.