दप्तर म्हणून प्रवेश

हे शाळेबाहेर सांगायचं नाही, असं हिरेमठबाईंनी बजावलं आहे. पण आमच्या शाळेत प्रगत गणिताच्या वर्गासाठी मुलांची निवड बाकं करतात.

त्यात गैर काही नाही. शिक्षक कुणाच्या ना कुणाच्या ओळखीचे निघतात. बाक वर्षभर जागेवर असतं. कुणी उत्तर पाठ केलंय आणि कुणाला ते सुचलंय, हे त्याला फळीतून कळतं. वर्ष संपताना बाकं सभागृहात नेऊन ठेवतात आणि दार लावून घेतात. संध्याकाळी ती नावं सांगतात.

चित्रा गुरव सगळ्यांत शेवटी दाखल झाली, तेव्हा बाकं संपली होती. ती माझ्या बाकाच्या पायाशी बसकर टाकून बसायची आणि पुटपुटत गणितं सोडवायची. सरांचं लिहून होईपर्यंत तिचं उत्तर आलेलं असायचं. तिला त्या वर्गात जायचं होतं, एवढं एकच ती सारखं बोलायची. मी ऐकायची. मला फारसं बोलता येत नाही.

माझ्या बाकाने माझं नाव दिलं.

आम्ही दोघी मुख्याध्यापिकांकडे, म्हणजे हिरेमठबाईंकडे गेलो. शिपायांनी बाकही उचलून आणलं.

"ती उत्तरं माझी नव्हती," मी म्हटलं.

"आवाज माझ्याजवळून येत होता," बाक म्हणालं. "आणि माझ्यावर उल्का एकटीच बसते."

"मी खाली होते! तुमच्या पायाशी," चित्रा म्हणाली.

"जमीन माझ्याकडे येत नाही."

"मग आत्ता बसते. विचारा काहीही."

"ओळख व्हायला वर्ष लागतं. नियम सगळ्यांना सारखा आहे."

"तुझ्या बाकाला विचारलं असतं गं, बाळ," बाई म्हणाल्या. "पण तुला बाकच नाही."

"माझी जागा हिला द्या," मी म्हटलं.

"जागा देता येत नाही. सोडता येते," बाक म्हणालं.

बाईंनी बराच विचार केला. "उल्काला सोबत काय नेता येतं?"

"डबा, पाण्याची बाटली, दप्तर."

"मग चित्राला दप्तर म्हणून जाऊ दे."

बाकाची हरकत नव्हती. दप्तर खालीच ठेवतात.

जूनपासून चित्रा माझ्यासोबत प्रगत वर्गात येते. हजेरीत तिचं नाव नसतं. ती खालून उत्तर पुटपुटते आणि सर म्हणतात, "शाबास, उल्का."

पहिल्या चाचणीला मात्र दप्तरं बाहेर ठेवायला सांगितली. चित्रा व्हरांड्यात दप्तरांच्या रांगेत, भिंतीला टेकून बसली. माझा पेपर जवळजवळ कोराच राहिला. बाकाने मला समज दिली: पुन्हा असं झालं तर नाव कमी होईल, आणि विद्यार्थिनीबरोबर तिचं सामानही जाईल.

तेव्हापासून चित्रा मला रोज शिकवते. ती चिडत नाही, पण आताशा हसतही नाही. "तुला यायलाच पाहिजे, उल्के," एवढंच म्हणते. काल रात्री तिने तेच उदाहरण मला पुन्हा पहिल्यापासून समजावलं. मी मान डोलावली. तिने माझ्याकडे नीट पाहिलं आणि वही मिटली.

आज दुसरी चाचणी आहे. ती आलीच बघा.

"अहो मालकीणबाई, चला! तुमचं दप्तर खाली उभं आहे!"

हो, आले. ते उदाहरण मला अजूनही—