खरेपणावरची दहा वाक्यं

"इंग्रजी म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ!" असं मी बायकोला छातीठोकपणे सांगितलं, तेव्हा ती भाजी निवडत होती. मान वर न करता तिने विचारलं, "मग उजव्या हाताने काय करणार?" मी दुर्लक्ष केलं. मोठी कामं करणाऱ्या माणसाला घरातून प्रोत्साहन मिळत नाहीच!

त्याचं असं झालं, आमच्या काचसामानाच्या गोदामात मॅनेजरची जागा रिकामी झाली. मी तिथे अकरा वर्षं फुटतूट लिहितो. किती पेले फुटले, किती बरण्या तडकल्या, याचा तक्ता दर शनिवारी मालकांच्या टेबलावर. मॅनेजरची जागा माझीच होती हो! अडचण एवढीच, की मॅनेजरला परदेशातल्या गिऱ्हाइकांना इंग्रजीत पत्रं लिहावी लागतात. मी तडक संध्याकाळच्या क्लासला नाव घातलं.

क्लासच्या बाई भलत्याच कडक. त्या आठवड्यात त्यांनी विश्वास आणि खरेपणा यांवरचे दहा शब्द दिले. ट्रस्ट, ट्रुथ, ऑनेस्ट, चीट, कन्फेस, बिट्रे... "प्रत्येकाचं एक वाक्य. 'मी'पासून सुरुवात करायची, आणि स्वतःच्या आयुष्यातलं हवं!"

आता माझ्या आयुष्यात 'बिट्रे', म्हणजे विश्वासघात, करण्यासारखं काय घडलंय? सकाळी डबा घेऊन जातो, संध्याकाळी रिकामा आणतो. 'मी वेळेवर येतो' असलं काही लिहिताना मलाच जांभया यायला लागल्या. मग मात्र मी जो सुटलो! मी अकरा वर्षं माझ्या मालकांना फसवलं. मी दर सोमवारी आजारी असल्याचं सोंग करतो. त्याच आठवड्यात गोदामात एक मोठं झुंबर फुटलं होतं, कोणी फोडलं ते कळलं नव्हतं. म्हटलं, घेऊ तेही! मी झुंबर फोडल्याचं कबूल करतो. मी बायकोचा विश्वासघात केला. सगळं अस्सल इंग्रजीत, एकही खाडाखोड नाही!

हाताशी कोरा कागद नव्हता, म्हणून हे सगळं मी शनिवारच्या तक्त्याच्या पाठीमागे लिहिलं होतं. हे लक्षात आलं ते शनिवारी अकरा वाजता, मालकांच्या केबिनमध्ये. तक्ता त्यांच्या हातात उलटा होता!

"अकरा वर्षं?" मालक कसेबसे म्हणाले. चौथ्या वाक्यापुढे त्यांना वाचवलंच नव्हतं.

"साहेब, तो अभ्यास आहे!"

"फसवणुकीचा?"

"इंग्रजीचा हो! सगळं खोटं आहे!"

"खाली सही आहे तुमची!"

होतीच. अकरा वर्षांची सवय, हात थांबतोय कुठला!

मालकांनी थेट माझ्या घरी फोन लावला. "वहिनी, जरा इकडे या. यांनी तुमचा विश्वासघात केल्याचं लिहून दिलंय." बायको वीस मिनिटांत हजर!

"कोण आहे ती?"

"अगं, कोणी नाही! क्रियापद आहे ते!"

"मला नाव सांगा, क्रियापद नको!"

"माझ्या इंग्रजीच्या बाईंना बोलवा!" मी ओरडलो. "त्याच सांगतील सगळं!" क्लास बाईंच्या घरीच, शेजारच्या गल्लीत. बाई आल्या, कागद घेतला, आणि लाल पेन काढून मालकांच्या टेबलावरच तपासायला बसल्या.

"बाई, हे नुसतं सरावासाठी होतं ना? सांगा ना यांना!"

"सरावासाठीच," बाई म्हणाल्या. मी सुटकेचा निःश्वास टाकला. "पण माझी अट होती. प्रत्येक वाक्य खरंच हवं."

बायकोने पर्समधून रुमाल काढला. मॅनेजरकी सोडाच, फुटतुटीच्या तक्त्यात आता माझंच नाव चढणार, असं मला दिसायला लागलं!

इतक्यात दार उघडून पॅकिंगवाले काका आत आले. डोळे भरलेले. बाहेर सगळं ऐकू जात होतं.

"साहेब, झुंबर यांनी नाही, मी फोडलं. हातातून निसटलं आणि मी घाबरून गप्प बसलो. माझ्यासाठी हा माणूस स्वतःवर आळ घेतोय, मला बघवत नाही!"

मला काकांची गळाभेट घ्यावीशी वाटली! "बघा साहेब! झुंबराचं खोटं निघालं की नाही? तशीच सगळी खोटी! दहाच्या दहा! अगदी शपथेवर सांगतो!"

मालकांचा चेहरा उजळला. बायकोने रुमाल आत ठेवला. मालकांनी ड्रॉवरमधून मॅनेजर म्हणून माझ्या नेमणुकीचं तयार पत्र काढलं, पेनाचं टोपण उघडलं. मी जिंकलो होतो!

पण बाईंचं तपासणं संपलं नव्हतं. अर्धवट काम सोडतील तर त्या बाई कसल्या!

"नववं," त्या म्हणाल्या, आणि सगळ्यांना कळावं म्हणून मराठीत सांगायला लागल्या. "मी माझ्या मालकांना अत्यंत प्रामाणिक माणूस मानतो."

टोपण पेनावर परत बसलं.

"आणि दहावं?" बायकोने फार गोड आवाजात विचारलं.

"मी जगात सर्वांत जास्त विश्वास माझ्या बायकोवर ठेवतो."

"आठ!" मी किंचाळलो. "आठच खोटी! मोजण्यात चूक झाली!"

"अकरा वर्षं मोजण्याचंच काम करताय ना तुम्ही?" मालक म्हणाले.

मॅनेजरच्या खुर्चीत सध्या पॅकिंगवाले काका बसतात. "हा माणूस मोजकंच बोलला, पण खरं बोलला. इंग्रजी काय, शिकेल!" असं मालकांचं म्हणणं. बायको दोन दिवस बोलली नाही, तिसऱ्या दिवशी फक्त क्रियापदांत बोलली. "उठा. जेवा. निघा."

बाईंनी खऱ्या वाक्यांचे तेवढेच गुण दिले. दहापैकी दोन! आता तुम्हाला म्हणून सांगतो, त्यातलाही एक गुण मला जास्तच मिळालाय. कोणत्या वाक्याचा, ते मात्र आमच्या मालकांना विचारू नका!