गोणपाटात बांधलेली घंटा

एकाग्रता ही राष्ट्राची संपत्ती आहे, आणि संपत्ती म्हटली की तिचं रक्षण करायला समिती लागते.

इस्लामपूरच्या रस्त्याला लागून एक सहकारी साखर कारखाना आहे असं समजा. (आहेच असं मी म्हणत नाही. मला अजून त्याच रस्त्यानं जायचं असतं.) त्या कारखान्यात गुंडा नावाचा पॅनमन होता. पॅन म्हणजे दुमजली घराएवढी बंद कढई. तिच्यात पाक शिजतो, आणि दाणा कधी धरतो ते काचेच्या तुकड्यावर थेंब घेऊन उजेडात बघणारा माणूस म्हणजे पॅनमन. दाणा सांगून येत नाही. नजर हलली की चुकला.

चौऱ्याहत्तरच्या हंगामात गुंडाच्या हातून दोन पॅन पाक बिघडला. तिसरा बिघडला तर नोकरी जाणार होती आणि नोकरीबरोबर कारखान्याच्या चाळीतली खोलीही. मग जत तालुक्यातलं गाव, आणि आठवड्यातून दोनदा येणारा पाण्याचा टँकर. त्याच्या बायकोनं, साळूबाईनं, गावाकडून आणलेलं गाठोडं अजून सोडलंच नव्हतं. बाई दूरदृष्टीची.

गुंडानं अर्ज दिला: "पाकाकडं बघू देत न्हाईत. मधी मधी येत्यात."

कारखान्यानं तातडीनं, म्हणजे दीड महिन्यात, 'व्यत्यय निर्मूलन समिती' नेमली. सदस्य सात. बैठका नऊ. सगळ्या पॅनपाशीच झाल्या, कारण थंडीचे दिवस होते आणि तिथं ऊब होती. प्रत्येक बैठकीत गुंडाला एकच प्रश्न विचारला गेला: "आता आम्ही इथं बसलोय, त्याचा त्रास नाही ना?"

समितीनं आठ तासांच्या पाळीतले व्यत्यय मोजले. एकूण चौऱ्याहत्तर. त्यांतले एकसष्ट खुद्द ऑफिसचे. टाइमकीपर दर पाव तासाला 'हजर आहे' म्हणून सही घ्यायचा, त्या बत्तीस. बाकी प्रयोगशाळा, भांडार आणि 'साहेबांनी सहज विचारलंय' या खात्याचे. अकरा व्यत्यय सभासद-पाहुण्यांचे. उरलेले दोन घंटेचे. बॉयलरची वाफ उतरणार असली की तिकडचे लोक घंटा ओढत, म्हणजे पॅनमनला पाक सावरायला चार मिनिटं मिळत. पॅनवरचा वाफेचा काटा पडलेला दिसेपर्यंत थांबलं तर उशीर झालेला असतो.

समितीचा विचार मला फार आवडतो, म्हणून जसाच्या तसा देतो. ऑफिसचं येणं हा व्यत्यय नव्हे, ते कामकाज. सभासद तर मालकच. मालकानं आपली वस्तू बघण्याला व्यत्यय म्हणणं हा सहकाराचा अपमान. राहिली घंटा. घंटेला शेअर नाही आणि मतही नाही.

घंटा गोणपाटात बांधली. दाराशी सयाजी बसवला. हा पलटणीतून हवालदार म्हणून निवृत्त झालेला, हुकमाचा पक्का. आत जायला पास. पास नसेल त्यानं एक दिवस आधी अर्ज द्यायचा, तीन प्रतींत. ऑफिसच्या सगळ्यांना पास मिळाले. बॉयलरवरच्या धनाजीला मिळाला नाही. त्याचं आत काय काम?

जानेवारीत एका दुपारी उसाचा ओला चोथा बॉयलरच्या भट्टीत पडला आणि वाफ बसायला लागली. धनाजीनं घंटा ओढली. धप्. परत ओढली. धप्. मग तो पळत आला.

"सयाजीबापू, सोडा मला! वाफ उतराय लागलीया!"

"अर्ज?"

"आवं, चार मिन्टं हायती सगळी!"

"मग काल द्याचा व्हतास."

"काल वाफ उतरली न्हवती!"

"मग काल तुझं काम न्हवतं, आन् आज तुझा अर्ज न्हाई. आत पाकाची एकाग्रता चाललीया गड्या. वरडू नगंस."

आत गुंडा त्या दिवसाची एकविसावी सही करत होता. टाइमकीपरचं पेन उठत नव्हतं.

पाक पॅनमध्येच बसला. दगड झाला. पुढं तीन दिवस माणसं आत उतरून पहारीनं साखर फोडत होती. (उत्पादन म्हणून नव्हे.)

चौकशीत गुंडा म्हणाला, "घंटा वाजली आस्ती तर पाणी सोडून सावरला आस्ता."

"घंटा तुमच्याच अर्जावरून बांधली," साहेब म्हणाले.

"म्या घंटेचं न्हवतं म्हनलं सायेब. तुमचं म्हनलं व्हतं."

हे वाक्य अहवालात नाही. अहवालात असं आहे: 'व्यत्यय शून्यावर आणल्याने चुकीला आता कोणतेही कारण शिल्लक राहिलेले नाही. सबब चूक पॅनमनची.' एवढं स्वच्छ गणित मी शाळेत शिकलो नाही. पण मी शाळेत होतोच किती दिवस?

साळूबाईनं गाठोडं उचललं. ते बांधलेलंच होतं, त्यामुळे कारखान्याचा वेळ वाया गेला नाही.

गुंडाला काढण्याचा ठराव वार्षिक सभेत आला. तुम्हीही सभासदच, आला होता ना? डिसेंबरात त्याच्या खांद्यावर हात ठेवून "कवा तयार हुनार रं?" असं विचारून गेलेले तुम्हीच. तुम्हाला आठवत नसेल, तो मात्र मान न वळवता "बगतोय" म्हणाला होता.

ठराव एकमतानं मंजूर झाला. तुमचा एक हात वर होता. दुसऱ्या हातात चहा होता, आणि साखर कमी पडली म्हणून तुम्ही वाढप्याला हाक मारत होता.