दामूअण्णा बिनकपड्याच्या गावात

दामूअण्णा माणसाच्या तोंडाकडे बघत नाहीत. मस्तगडातल्या त्यांच्या शिलाईच्या दुकानासमोरून मी वीस वर्षं कॉलेजात शिकवायला गेलो. त्यांनी नमस्कार नेहमी माझ्या पोटाला केला. "छत्तीस झालं का सर?" मी रिटायर झालो त्या दिवशी सहकाऱ्यांनी शाल दिली आणि माझ्या ज्ञानसाधनेवर भाषणं केली. परत येताना अण्णा म्हणाले, "अडतीस." त्या दिवसभरातलं तेवढंच खरं होतं.

मोठेपणाशी त्यांचं वैर नाही. त्यांना तो दिसतच नाही. एकदा नवा निवडून आलेला पुढारी कार्यकर्त्यांसह जाकीट शिवायला आला आणि छाती काढून उभा राहिला. अण्णा टेप हातात धरून नुसते थांबले. कार्यकर्ते म्हणाले, घ्या ना माप. "साहेबांनी श्वास सोडला की घेतो. माप घरच्या छातीचं लागतं, स्टेजवरच्या न्हाई." साहेबांनी जमेल तितका दम धरला, मग सोडला. जाकीट बराबर बसलं.

अशा माणसाला त्याचा मुलगा ग्रीसला घेऊन गेला. विलास जर्मनीत नोकरीला आहे. सुट्टीत एका ग्रीक बेटावर आई-वडिलांना न्यायचं त्याने ठरवलं होतं. सुमनवहिनी "मला न्हाई जमायचं" म्हणाल्या, म्हणून अण्णा एकटेच गेले. परत आल्यावर त्यांनी दुकानात विमानाचं, समुद्राचं, पांढऱ्या घरांचं सगळं सांगितलं. मग एका दुपारी गिऱ्हाईक नसताना मला आत बोलावलं, अर्धं शटर ओढलं आणि पहिल्यांदा माझ्या तोंडाकडे बघितलं. मी घाबरलो.

"सर, तुम्ही लई वाचता. जगात बिनकपड्याचं गाव असतंय का?"

झालं होतं असं. सकाळी मुलगा-सून झोपलेले असताना अण्णा शर्ट, पँट, जाकीट, टोपी अशा पूर्ण इतमामात फिरायला निघाले. वाटेत बकऱ्या दिसल्या. अण्णांचं घराणं धावडा गावाकडचं, मेंढरांमागे फिरणारं. शिलाई मशीनवर बसलेले हे पहिलेच. परक्या मुलखात माणसाला काही विचारता येत नाही, बकरीला विचारावं लागत नाही. बकरी जाते तिथं पाणी असतं, या हिशोबानं ते मागोमाग कडा उतरले. मध्ये एक पाटी लागली, पण अक्षरं ग्रीक होती. खाली पाणी निघालंच. समुद्रच निघाला. आणि वाळूवर पंधरा-वीस बाया-बापे, कुणाच्या अंगावर सूत नाही.

"पयल्यांदा वाटलं, ह्यांची चोरी झाली."

"मग?"

"मंग पाह्यलं तर कोणीच रडून न्हाई राह्यलं. कोणी पेपर वाचून राह्यलं, कोणी फळं खाऊन राह्यलं."

"मग मागे फिरायचं ना अण्णा."

"गुडघे, सर. चढ लई होता. दम खायला दगडावर बसलो. अन् काही समजंना. खिसा न्हाई, कॉलर न्हाई. डॉक्टर कोणता, हमाल कोणता? चाळीस वर्षं मी काय शिवून राह्यलो मंग?"

तिथले सगळे मात्र अण्णांकडेच बघत होते. एवढ्या लोकांत जाकीट घातलेला माणूस एकच. शेवटी एक म्हातारा ओंजळभर द्राक्षं घेऊन आला.

"पुराच्या पुरा समोर उभा. डावा खांदा अर्धा इंच खाली. हसून राह्यला. मलाच वाटलं, मीच उघडा आहे. शेवटी टोपी काढली. तेवढंच जमलं."

मी हसत होतो. अण्णा हसत नव्हते.

"तिथं एक बाई होती. आमच्या हिच्या वयाची. एका बाजूची छाती न्हवती. ऑपरेशनची रेघ पार काखेपर्यंत. ती उन्हात केस वाळवत बसल्ती."

सुमनवहिनी आठ वर्षांपूर्वी आजारी होत्या आणि तेव्हापासून लग्नाकार्याला येईनाशा झाल्या, एवढंच मला माहीत होतं. आजार कोणता ते त्या दुपारी कळलं. त्यांची झंपरं अण्णा दुकान बंद करून स्वतः शिवतात, एका बाजूला आतून कापसाची घडी घालून.

"दोन्ही बाजू बिलकुल बराबर. तिच्या सख्ख्या बहिणीला ओळखू आलं न्हाई. तरी ती घराबाहेर निघत न्हाई, सर. तिला सांगावं वाटतं, अशी बाई असते, उन्हात बसते, कोणी काही म्हणत न्हाई. पण ते सांगायचं तर आधी म्हणावं लागतं की मी उघड्या बायांत बसून आल्तो. माणूस साठी ओलांडून परदेशात जाऊन हे धंदे करतो, म्हणंल ती. पुन्हा बोलायची न्हाई माझ्याशी. सांगू का नको?"

वीस वर्षं मी पोरांना सगळ्या प्रश्नांची उत्तरं दिली. हा प्रश्न कुठल्याच पेपरात आला नव्हता. "सांगा," म्हणालो, कारण काहीतरी म्हणणं भाग होतं.

चार दिवस मी दुकानासमोरून जायचं टाळलं. पाचव्या दिवशी त्यांनीच हाक मारली.

"सांगितलं. भाकरी थापून राह्यली होती. बकऱ्यांपासून टोपीपर्यंत सगळं."

"चिडल्या?"

"न्हाई ना. तेच समजंना. तिनं इचारलं, त्या बाईसोबत कोणी होतं का? म्हणलं, नवरा होता, पाठीला तेल लावून देत होता. मंग तव्यावरची भाकर करपली."

"आणि?"

अण्णांनी टेबलावर पसरलेलं जांभळं कापड हातानं सारखं केलं.

"म्हणली, ह्या झंपराला कापूस घालू नका. उन्हाळ्यात लई गरम होतं."

खडू घेऊन ते रेघ मारायला वाकले.

"आठ उन्हाळे झाले, सर. मला बरं वाटावं म्हणून घालून राह्यली."