दीवला जाणारे हिरामण आप्पा

हिरामण आप्पांच्या सुशीचं जमलेलं लग्न मी मोडलं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही, आणि मी नाक्यावर दुसरा चहा घेतला तरी तिला घरबसल्या कळतं. कसं मोडलं ते सांगतोच, पण त्याआधी आप्पा सांगायला हवेत. आप्पा माहीत नसतील तर माझं कृत्य तुम्हाला विनोद वाटेल. तेव्हा मलाही तो विनोदच वाटला होता.

आप्पा वर्षातून एकदा दीवला जातात.

हे वाक्य सुरतेत कुणालाही ऐकवा, तो डोळा मारेल. गुजरातेत दारूबंदी, दीवमध्ये नाही. त्यामुळे दीवला जाणारा माणूस समुद्र पाहायला जातो, यावर खुद्द समुद्राचाही विश्वास बसायचा नाही. आमच्या गोडादऱ्याच्या गल्लीतून आप्पा रेक्झिनची पिशवी खांद्याला लावून निघाले, की ओट्याओट्यावरून फर्माइशी सुटत. आप्पा, माझ्यासाठी पण एक. आप्पा, जावई येणार आहेत, जरा चांगली आणा. आप्पा कुणाच्या तोंडाकडे न बघता सगळ्यांना हात करून पुढे जात. त्यांना वाटे, लोक प्रवासाच्या शुभेच्छा देतायत.

कारण आप्पांना ऐकू येत नाही. अमळनेरकडून मिसरूड फुटायच्या आत ते सुरतेला आले आणि उभी हयात लूम्सच्या खात्यात गेली. खातं म्हणजे इथं कारखाना. शंभर साचे, म्हणजे माग, एकदम खडखडत असले की शेजारच्या माणसाचं बोलणं कानाने ऐकायचं नसतं, ओठांवरून वाचायचं असतं. डावा कान साच्याकडे असायचा, तो पुरता गेला. उजव्यात थोडी धुगधुगी आहे. ओठ मात्र आप्पा असे वाचतात की गल्लीच्या त्या टोकाला दोन बायका कुजबुजल्या तर या टोकाला आप्पा हसतात. आणि स्वतःची कुजबूज? ती शेजारच्या लिंबायतपर्यंत जाते. एकदा माझ्या कानाला लागून त्यांनी मला विचारलं की तुला मूळव्याधीचं औषध लागू पडलं का. त्या आठवड्यात मला तीन अनोळखी लोकांनी सुरणाची भाजी सुचवली.

खात्यात ते मास्टर होते, म्हणजे बिघडलेला साचा दुरुस्त करणारे. कुठल्याही गोष्टीवर त्यांचा एकच शेरा असे, "पहिले ताणा देख, मंग बोल." कापडात खोट दिसली की नवखा कारागीर आडव्या धाग्याला शिव्या देतो; दोष बहुधा ताण्यात, म्हणजे उभ्या धाग्यात, मागे, न दिसणाऱ्या जागी असतो. हा शेरा आप्पा भाजीवालीला मारत, डॉक्टरला मारत, टीव्हीवरच्या बातम्यांनाही मारत. मला तर हजारदा मारला असेल. उपयोग शून्य.

समुद्रसुद्धा ते मास्टरसारखाच तपासत. जवळचं डुमस सोडून एवढं लांब कशाला, असं मी एकदा विचारलं. आप्पांनी तोंड वाकडं केलं. "डुमसना दर्या म्हंजे लाइट गयेल खातं. नुसता चिखल. लोके भजी खातस आनि घर येतस." दीवचे किनारे त्यांनी एकेक करून जोखले होते. नागोआ दिसायला देखणा, पण तिथं पाण्यापेक्षा माणसं फार. मालकाच्या पोराच्या लग्नात नुसता दाखवायला चालवलेला साचा. घोघला मवाळ, ठोकाच नाही. जालंधरला खडक आहेत, पण लाट तिरपी येते, धोटा एका बाजूला आपटतो. पसंत पडला तो चक्रतीर्थाच्या पुढचा, काळ्या खाचखळग्यांच्या खडकांचा भाग, जिथं कुणी अंघोळीला उतरत नाही. तिथं आप्पा चप्पल काढून, दोन्ही तळवे खडकावर टेकून सकाळपासून बसत. पाण्यात पाय मात्र कधी बुडवत नसत, हेही त्यांनीच सांगितलेलं.

आणि परत येताना पिशवीत एक बाटली असे.

दीवच्या हद्दीबाहेर पोलीस बस थांबवून सामान बघतात. तिथला प्रसंग आप्पाच रंगवून सांगत. हवालदाराने बाटली काढली, झाकण उघडलं, वास घेतला. काही कळेना. रंग पांढरा, माणसाचं तोंड भोळं. म्हणजे माल नक्की कडक. त्याने बोट बुडवलं, जिभेवर ठेवलं, आणि मग बराच वेळ थुंकत राहिला. हे समुद्राचं पाणी कशाला नेतोस, असं त्याने विचारलं तेव्हा आप्पा आपल्या नेहमीच्या आवाजात म्हणाले, मुलीसाठी. सगळी बस हसली.

आता माझं.

धरणगावकडच्या पाहुण्यांना सुशी पसंत पडली होती. पत्रिका जुळली होती. सुपारी फुटायची तेवढी बाकी. आपल्याकडची रीत अशी की त्याआधी मुलाकडचं एखादं वडीलधारं माणूस हळूच शेजारी येऊन बसतं. तसे मुलाचे मामा माझ्या खाटेवर येऊन बसले. चहा झाला, भावकीतल्या ओळखी निघाल्या. मग त्यांनी विचारलं, "बाकी समदं ठीक शे. मानूस कसा शे?"

सांगण्यासारखं केवढं होतं. माझी आई आजारी होती तेव्हा खात्यातून आल्यावर आप्पा तिच्या उशाशी बसून तिला अहिराणी ओव्या म्हणायला लावायचे, आणि ऐकू येत नसूनही मान डोलवायचे. पण सरळ चांगलं बोलायला मला कधीच जमलेलं नाही. मी म्हणालो, "माणूस एकदम सरळ. फक्त वर्षातून एकदा दीवला जातो, आणि येताना पिशवीत बाटली असते." आणि डोळा मारला.

मामाही हसले. मला वाटलं, मजा आली.

बघा, एकही शब्द खोटा नव्हता. याच एका आधारावर मी बरीच वर्षं काढली.

चार दिवसांनी निरोप आला. मध्यस्थाने कारण लपवलं नाही: बाप दीवला जातो. कोण बोललं हे विचारायचं आप्पांना सुचलं नाही, किंवा त्यांनी विचारलं नाही. काकूंनी, म्हणजे आप्पांच्या बायकोने, रडून पिशवी माळ्यावर टाकली. त्या वर्षी आप्पा गेले नाहीत. आम्ही सगळे ओट्यावर बसून म्हणालो, बरं झालं, दारू सुटली एकदाची. सर्वांत मोठ्याने मी म्हणालो.

पुढच्या वर्षी ती पिशवी सुशीनेच खाली काढली. मधल्या काळात एक-दोन स्थळं येऊन दीवपाशीच अडली होती. काकू दारात आडव्या उभ्या. सुशी बापासमोर उभी राहिली, ओठ नीट दिसतील अशी, आणि म्हणाली, "आप्पा, तुम्ही जा. दीव म्हटल्यावर ज्याला नुसती बाटली दिसते, त्याच्या घरी मला नांदायचं नाही." आप्पा गेले. तेव्हापासून एकदाही चुकले नाहीत. सुशीने लग्न केलं नाही. तिचं फॉल-पिकोचं दुकान आहे, गिऱ्हाईक उधना-चलथाणहून येतं. ती सुखी दिसते. त्यावर मत द्यायचा हक्क मला नाही.

यंदा आप्पांचा गुडघा धरला. सुशी माझ्याकडे आली. "मधुकाका, लग्नसराईत मला दुकान सोडता येत नाही. तुम्ही जाल का आप्पांसोबत?" माझी बायको आतून म्हणाली, घ्या, आता हेही दीवला. मी तिच्यावर ओरडलो. ती अजून त्याचं कारण शोधते आहे.

मी ठरवूनच निघालो होतो. काय वाटेल ते होवो, तिथं सांगून टाकायचं. बसमध्ये वाक्य घोळवत राहिलो.

सकाळी खडकावर पोचलो. आप्पांनी हाताला धरून मला बसवलं, चप्पल काढायला लावली, माझे तळवे खडकाला टेकवले. लाट आत कुठेतरी कपारीत घुसून आदळायची आणि तो ठोका पायातून थेट छातीत यायचा. आप्पा म्हणाले, "आठे खातं बंद पडस."

मला कळलं नाही. त्यांनी कानाकडे बोट केलं. तेव्हा समजलं, की साचे सोडून इतकी वर्षं झाली तरी ते कानात चालूच आहेत. दिवसा, जेवताना, झोपेत. बाहेरचं धड ऐकू येत नाही आणि आतलं थांबत नाही. त्या आवाजापेक्षा मोठा आवाज त्यांना या एका खडकावर सापडला. इथं बसलं की तेवढा वेळ तो थांबतो. हे सुशी लहान असताना त्यांनी तिला सांगितलं होतं, तर ती म्हणाली होती, मग ते पाणी मला पण आणा. ती ते अजून गच्चीवर परातीत वाळवते आणि तळाशी उरलेलं चिमूटभर मीठ आप्पांच्या भाकरीवर घालते.

आप्पांनी डोळे मिटले. हीच वेळ होती.

मी सांगितलं. मामा, चहा, दीव, बाटली, डोळा मारला तेही. एक शब्द गाळला नाही. पण आप्पा ओठ वाचतात हे मला माहीत होतं, म्हणून तोंड पाण्याकडे ठेवलं. आणि बसलो होतो त्यांच्या डाव्या बाजूला. जागा मीच निवडली होती.

बऱ्याच वेळाने आप्पांनी डोळे उघडले. माझ्या पाठीवर थाप मारली. "तू चांगला शेस, मधू. बाकीना लोके आठे यीसन बडबड करतस. तू इतला येळ गप बसना."

मग त्यांनी बाटली माझ्या हातात दिली, त्यांचा गुडघा वाकत नव्हता म्हणून. मी खाली उतरलो, ती भरली, आणि हद्दीवर पोलिसाने विचारलं तेव्हा मीच म्हणालो, मुलीसाठी.

बाटली सुशीला पोचवली. तिने चहा विचारला, मी नको म्हणालो.

ती हकीकत मला अजून आप्पांना सांगायची आहे. गोडादऱ्यात, त्यांच्या ओट्यावर, उजव्या बाजूला बसून, तोंड त्यांच्याकडे करून. आणि तेव्हा सुशी दुकानातून घरी आलेली असली पाहिजे.